मिठाच्या पाण्यात काय होते?

डेंड्रिमरवरचा लेख आमच्याकडे आला की पहिला आलेख बहुधा विद्राव्यतेचा असतो. पाण्यात न विरघळणारे औषध, त्यात चौथ्या पिढीचा पॅमॅम, आणि विद्राव्यता कितीतरी पटींनी वर. आलेख देखणा असतो, बहुतेक वेळा खराही. पण रुग्णाच्या नसांतून शुद्ध पाणी वाहत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००५ साली हा मुद्दा स्वच्छ मांडला. मेथोट्रेक्सेट डेंड्रिमरच्या फांद्यांत नुसते अडकवले, तर पाण्यात ते आत राहते. क्षारयुक्त बफरमध्ये मात्र भराभर सुटते. तेच सहसंयुज बंधाने जोडले की टिकते. अमाइनांचा धनभार आणि औषधाचा ऋणभार यांची ओढ क्षारांच्या आयनांपुढे ढिली पडणारच. इतकी वर्षे लोटली, तरी केवळ अडकवलेल्या औषधाला ‘लक्ष्यवेधी’ म्हणणारे लेख थांबलेले नाहीत.

दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा. एथिलीनडायअमाइन गाभ्यापासून वाढवलेल्या चौथ्या पिढीच्या रेणूवर ६४ अमाइन गट असतात. व्यास जेमतेम साडेचार नॅनोमीटर, आणि त्यावर एवढा धनभार! पेशींची पटले फाटतात, तांबड्या पेशी फुटतात. अमाइनांच्या जागी हायड्रॉक्सिल आणले की चित्र पालटते. जॉन्स हॉपकिन्समधल्या रंगरामानुजम कन्नन आणि सुजाता कन्नन यांच्या गटाने २०१२ साली अशाच डेंड्रिमरला एन-असिटिलसिस्टीन जोडून सेरेब्रल पाल्सीच्या प्रारूपातील सशांच्या नवजात पिलांना दिले. पिलांच्या हालचाली सुधारल्या. वर कोणताही लक्ष्यवेधी लिगँड नसताना रेणू मेंदूतल्या दाहग्रस्त पेशींत जमला होता. आमच्या मते, औषध किती भरले यापेक्षा टोकाशी काय आहे, हे आधी ठरवावे. स्टारफार्माचे व्हिवाजेल तर याचे टोकाचे उदाहरण: बाजारात पोचलेल्या या लायसीन डेंड्रिमरमध्ये वाहून नेण्याचे औषध मुळी नाहीच, ऋणभारित पृष्ठभागच काम करतो.

तिसरी गोष्ट थोडक्यात. पाचव्या पिढीवर १२८ गट, हे कागदावरचे गणित. विकत मिळणाऱ्या बाटलीत काही फांद्या तुटक, काही स्वतःवरच वळलेल्या, काही रेणू जोडीने चिकटलेले. सरासरी ११०च्या आसपास. औषधाचे प्रमाण १२८ धरून काढले, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

म्हणून पुढच्या अंकापासून डेंड्रिमरवरच्या लेखांत आम्ही चार गोष्टी मागणार आहोत: औषध अडकवले की जोडले, याचा पुरावा, ३७ अंश सेल्सिअसला सलाईनमध्ये आणि प्लाझ्मामध्ये, दोन्हींत मोजलेली मुक्तता, वापरलेल्या बॅचमधले टोकाचे गट एनएमआर किंवा टायट्रेशनने मोजून, आणि औषधाविना, रिकाम्या डेंड्रिमरची तांबड्या पेशींवरची चाचणी. विद्राव्यतेचा आलेखही जरूर पाठवा, तो पुरवणीत छापू.