रक्तदाब दोन्ही हातांचा मोजा

धमन्यांचा आजार म्हटला की आपल्याला हृदय आठवते, फार तर पाय. हाताकडे लक्ष जात नाही. या महिन्यात आम्ही हाताविषयी लिहीत आहोत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घर चालते ते हातांवरच: तेंदूपत्ता, बांबूतोड, धानाची रोवणी, कोळसा खाण, नाहीतर घरातली शिलाई मशीन. हा हात गार पडू लागला की आपण तेल चोळतो आणि ‘थंडीने झाले असेल’ म्हणून सोडून देतो.

काही खुणा मात्र सोडून देऊ नयेत. काम करताना दंड भरून येतो आणि थांबले की बरे वाटते. फजरच्या वुजूचे गार पाणी लागताच बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होतात. बोटाच्या टोकाची जखम आठवडे गेले तरी भरत नाही. एक हात दुसऱ्यापेक्षा गार लागतो. यामागे प्रत्येक वेळी धमनीच असते असे नाही. मानेत किंवा मनगटात नस दबली तरी मुंग्या येतात. तरुण मुलींची दोन्ही हातांची बोटे थंडीत पांढरी पडणे बरेचदा निरुपद्रवी असते. पण फक्त एकाच हाताला त्रास असेल, जखम असेल किंवा हा त्रास चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, तर तपासणी हवीच.

कारणे अनेक आहेत. वय, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे धमनी आतून अरुंद होते. वर्षानुवर्षे थरथरणारे ड्रिल किंवा यांत्रिक करवत धरणाऱ्यांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. १९०८ साली वैद्यकात दोन आजारांची नोंद झाली, आणि दोन्ही आपल्याकडे आढळतात. जपानचे डॉ. ताकायासू यांच्या नावाचा आजार मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो. त्यात मनगटाची नाडी लागेनाशी होते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, कोणी झाडफूक सुचवतो, आणि वेळ निघून जातो. दुसरा आजार अमेरिकेतील डॉ. बर्गर यांच्या नावाचा. तो तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांची बोटे काळी पाडतो. त्यावर खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद करणे. बिडी सोडून खर्रा धरला तर आजार थांबत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला ‘मुक्तिपथ’मध्ये दारूच्या जोडीने तंबाखूवरही काम करावे लागते, यावरूनच खर्ऱ्याचा विळखा किती घट्ट आहे ते कळते.

आता तपासणी. तिला सुई लागत नाही, दुखत नाही, भरती व्हावे लागत नाही.

पहिली पायरी कोणत्याही दवाखान्यात होते. डॉक्टर दोन्ही मनगटांची नाडी पाहतात आणि दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजतात. वरच्या आकड्यात थोडा फरक चालतो. पुन्हा मोजूनही तो १५ किंवा अधिक राहिला, तर कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद असल्याची शंका येते. याचे मोल मोठे आहे. समजा, डाव्या हाताची धमनी अरुंद आहे आणि रक्तदाब नेहमी डाव्याच हाताचा घेतला जातो. तिथे १२० दिसतात, उजवीकडे प्रत्यक्षात १६० असतात. कागदावर सगळे ठीक, आणि आतून हृदय, मेंदू व किडनीवर मार चालूच. म्हणून फरक असेल, तर पुढे नेहमी जास्त आकड्याचाच हात धरायचा.

पुढची पायरी डॉपलरची. दंड, कोपराखालचा भाग आणि मनगट इथे पट्टे बांधून जागोजाग दाब मोजतात. दाब जिथे एकदम उतरतो, अडथळा त्याच्या आसपास असतो. बोटाला छोटा पट्टा आणि प्रकाशाचा सेन्सर लावून बोटातला दाबही घेतात. तो दंडाच्या दाबाच्या ७० टक्क्यांखाली गेला, तर बोटापर्यंत रक्त कमी पोहोचत आहे असे समजतात. मधुमेहात मोठ्या धमन्या कडक होऊन दंडाचा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा बोटाचा दाब विशेष उपयोगी पडतो. शेवटी सोनोग्राफीसारखी डुप्लेक्स तपासणी धमनी आणि तिच्यातला प्रवाह पडद्यावर दाखवते. शस्त्रक्रिया ठरली तरच सहसा इंजेक्शन देऊन अँजिओग्राफी लागते.

जाण्यापूर्वी काही तास तंबाखू, चहा, कॉफी घेऊ नये, कारण त्यांनी बोटांतल्या वाहिन्या आकसतात. अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात, बाही सैल असावी. गळ्याजवळची धमनीही पाहावी लागते. भगिनींना संकोच वाटत असेल तर स्त्री तंत्रज्ञ मिळेल का, हे आधीच विचारावे.

रक्तदाब तालुक्याला मोजता येतो. डॉपलरसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. पुढच्या उपचारासाठी नागपूर आहे.

एक प्रसंग मात्र थांबण्याचा नाही. हात अचानक पांढराफटक, गार आणि बधिर झाला, खूप दुखू लागला आणि नाडी लागत नसेल, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. हात वाचवायला मोजकेच तास असतात. चोळू नका, शेकू नका, १०८ ला फोन करा. सिरोंचा किंवा भामरागडहून निघणाऱ्यांचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

एवढी घाई बहुतेकांवर येणार नाही, इन्शाअल्लाह. पण पुढच्या वेळी अम्मी-अब्बांना दवाखान्यात न्याल, तेव्हा डॉक्टरांना एवढे नक्की सांगा: ‘साहेब, दुसऱ्या हाताचाही बघा.’ दोन मिनिटे जास्त लागतील, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा.