मोटारीची नवी बॅटरी घेण्यापूर्वीं

संसारांत कांहीं वस्तू अशा असतात कीं, त्या चालू असतांना त्यांची कोणास आठवणहि होत नाहीं, आणि त्या बंद पडल्या म्हणजे मात्र सारें घर त्यांच्याभोंवतीं गोळा होतें. मोटारीची बॅटरी ही त्यांपैकींच एक होय. गाडीचा रंग कोणता असावा याविषयीं आपल्या एकत्र कुटुंबांत आठ आठ दिवस वाद चालतो; टायर कोणते घ्यावेत याविषयीं शेजारीपाजारीहि सल्ला देतात; परंतु बॅटरी मात्र ती बंद पडेल त्या दिवशीं, दुकानदार देईल ती, घाईघाईनें घेतली जाते. ही घाई किती महाग पडते, याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला असल्यामुळें या महिन्यांत त्याच विषयावर लिहावयाचें योजिलें आहे.

आमचें घर कागलास. घरांत लहानमोठीं अकरा माणसें आणि मोटार एक. गेल्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीं दीडच्या सुमारास आमच्या थोरल्या काकूंच्या छातींत कळ येऊं लागली व अंगास दरदरून घाम सुटला. डॉक्टरांनीं फोनवर सांगितलें कीं, वेळ न दवडतां त्यांस कोल्हापुरास घेऊन या. कोल्हापूर तें काय, हमरस्त्यानें विसेक किलोमीटर; रात्रीच्या वेळीं अर्ध्या तासाची वाट. काकूंस मागील बाकावर निजवून आम्हीं किल्ली फिरविली, तों 'टक् टक्' असा आवाज झाला व गाडी मुकी बसली. बाहेर धो धो पाऊस. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावें कीं काय करावें, हें कोणासच सुचेना. अखेर शेजारचें दार ठोठावलें. त्या भल्या गृहस्थांनीं एक शब्दहि न विचारतां आपली गाडी बाहेर काढली, म्हणून काकू वेळेवर पोंचल्या आणि आज त्या आमच्या पंगतीस बसतात. परंतु तीं पंधरा मिनिटें आमच्या घरांतील कोणीहि विसरणार नाहीं.

विशेष हें कीं, ती बॅटरी अवघी दहा महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशीं घरांत साहजिकच खल सुरू झाला. धाकटे बंधू म्हणाले कीं, ती कंपनीच वाईट. चिरंजिवांचें मत पडलें कीं, आतां दुप्पट मोठी बॅटरी बसवावी. आमच्या सूनबाई येथील औद्योगिक वसाहतीमधील एका कारखान्यांत विद्युत् विभागांत काम करतात. सर्वांचें बोलणें होऊं देऊन त्या म्हणाल्या, "बाबा, बॅटरी मेली आहे कीं नुसती उपाशी आहे, हें आधीं पाहूं या." आमच्या मतें नवी बॅटरी घेऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें हा प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं स्वतःस विचारला पाहिजे.

याचें कारण समजण्यास बॅटरीचें काम थोडक्यांत ध्यानांत घ्यावें. शिसें व गंधकाम्ल यांच्या योगानें वीज सांठविण्याची ही युक्ति गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं काढली, व १८८१ सालीं कामीय फॉर यानें तींत सुधारणा केली. आपल्या गाडींतील बारा व्होल्टांची बॅटरी म्हणजे दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाबाचीं सहा घरें एकास एक जोडलेलीं असतात. पूर्वीं मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल मारावें लागे; चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून बॅटरी ही मोटारीचा प्राण झाली. आपल्याकडे जुन्या जीप व अँबॅसडर गाड्यांस हँडलची सोय असे, त्यामुळें बॅटरी रुसली तरी मनगटाच्या बळावर निभावत असे. आजच्या गाडीस ती सोय नाहीं. आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी तर धक्का मारूनहि सुरू होत नाहीं.

आतां पुष्कळांची अशी समजूत असते कीं, गाडी सुरू करतांनाच बॅटरीची सर्व शक्ति खर्च होते. वस्तुतः तसें नाहीं. स्टार्टर शंभर-दीडशें अँपिअर प्रवाह ओढतो खरा, परंतु तो दोन-तीन सेकंदच. गाडी चालूं लागली कीं अल्टरनेटर ती तूट लवकरच भरून काढतो. खरा खर्च होतो तो गाडी उभी असतांना. कुलुपाची यंत्रणा, घड्याळ, चोरघंटा, आंतील संगणक हीं सर्व थोडी थोडी वीज सतत पीत असतात. हा खर्च एका अँपिअरचा विसावा हिस्सा धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे बारा दिवसांत तिची चाळीस टक्के शिदोरी बसल्या बसल्या संपते. आमची गाडी पावसामुळें नेमकी बारा दिवस उभी होती. आणि त्यापूर्वींहि ती गैबी चौकांत भाजीस व मुलांच्या शाळेस, म्हणजे पांच-सात मिनिटांच्या फेऱ्यांवरच, फिरत होती. तेवढ्या वेळांत दिवे, पंखा व पावसांतील वायपर यांचाच खर्च भागतो. बॅटरीच्या वांट्यास फारसें कांहीं येत नाहीं.

अशी उपासमार वारंवार झाली म्हणजे आंतील पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात, व मग पोटभर वीज दिली तरी बॅटरी ती घेत नाहीं. दुसरा शत्रू उष्णता. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं झीज सुमारें दुप्पट होते, असा या धंद्यांतील ढोबळ नियम आहे. बॅटरी बहुधा पावसाळ्यांत किंवा थंडींत बंद पडते, म्हणून लोक त्या ऋतूस दोष देतात. पण तिची खरी हानि चैत्र-वैशाखांत बॉनेटखालील धगीनें आधींच झालेली असते.

पारख करण्यास महागडें साधन लागत नाहीं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब मल्टिमीटरनें मोजावा. तो १२.६ व्होल्ट किंवा अधिक भरला तर पोट भरलेलें आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धें, आणि १२ म्हणजे पाव समजावें. नंतर इंजिन चालू करून पुन्हा मोजावें, सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. कांहीं नव्या गाड्यांत हा आकडा संगणकाच्या हुकमाप्रमाणें कमीअधिक होतो. परंतु जुन्या बांधणीच्या गाडींत तो १३ च्या खालींच राहिला, तर दोष अल्टरनेटरकडे आहे. अशा वेळीं नवी बॅटरी घेणें म्हणजे भोंक पडलेल्या घागरींत पाणी भरणें होय. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून, एक रात्र ठेवून, पुन्हा मोजावी. आणि दुकानांत भार देऊन तिची परीक्षा करवावी. या परीक्षेंतहि ती नापास झाली, तरच ती मेली असें समजावें.

आमची बॅटरी या परीक्षेंत नापास झाली. परंतु तिच्यावरील शिक्का वाचतां दुसरी गोष्ट उघडकीस आली. आम्हीं ती घेतली तेव्हांच तिच्या जन्मास नऊ महिने होऊन गेले होते. दुकानाच्या फळीवर ती तितके महिने उपाशीच बसली होती. दुकानदारानें तें सांगितलें नाहीं हें खरें. पण आम्हींहि तिची किंमत कमी व वॉरंटीचा कागद लांब एवढेंच पाहिलें. अर्धा दोष आमच्याकडे येतो, हें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां निवड करतांना पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्यात. प्रथम गाडीसोबत आलेलें पुस्तक उघडावें. त्यांत किंवा जुन्या बॅटरीवर '३८ बी २० एल' अशासारखी खूण असते. पहिला आकडा शक्तीची पायरी दाखवितो. 'बी' हें अक्षर रुंदी-उंचीचें माप. २० ही लांबी सेंटिमीटरांत. आणि शेवटचें 'एल' किंवा 'आर' हें टोंकांची बाजू सांगतें. बाजू चुकली तर तारा पोंचत नाहींत, किंवा ओढून ताणून जोडाव्या लागतात, आणि तें धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट प्रकाराची. सिग्नलपाशीं इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांस 'ईएफबी' किंवा 'एजीएम' प्रकारची बॅटरी असते. एजीएममध्यें आम्ल कांचतंतूंच्या गादींत शोषून ठेवलेलें असतें. अशा गाडीस साधी बॅटरी बसवून दोन पैसे वांचविण्याचा मोह धरूं नये; ती वरचेवरच्या कामानें लवकर थकते.

तिसरी गोष्ट शक्तीची. अँपिअर-तास म्हणजे शिदोरी किती, आणि 'सीसीए' म्हणजे ऐन वेळचा जोर किती. उणे १८ अंश तपमानांत बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देऊं शकते, तें हा दुसरा आकडा सांगतो. कागलास तशी थंडी कधींच पडत नाहीं; तरी दोन बॅटऱ्यांची तुलना करण्यास तो उपयोगी आहे. डिझेल इंजिनांत हवा फार दाबावी लागते, म्हणून त्यास पेट्रोल गाडीहून बरीच मोठी बॅटरी लागते. मात्र पुस्तकांत सांगितल्याहून कितीहि मोठी घ्यावी हा चिरंजिवांचा विचार बरोबर नव्हे. मोठ्या पोटास अन्नहि अधिक लागतें. पांच मिनिटांच्या फेऱ्यांनीं तें भरत नाहीं.

चौथी गोष्ट ताजेपणाची. उत्पादनाचा महिना व वर्ष स्वतः वाचावें, संकेत कळत नसल्यास विचारावें, आणि तीन महिन्यांहून जुनी बॅटरी शक्यतों घेऊं नये. दुकानांतच दाब मोजून मागावा, तो १२.४ च्या खालीं असेल तर दुसरी मागावी. यांत संकोच कसला? दुकानांत नारळ घेतांना आपण तो कानाशीं हलवून पाहतोंच.

पांचवी गोष्ट वॉरंटीची. कागदावरील मोठा आकडा बहुधा दोन तुकड्यांचा असतो. पहिल्या मुदतींत फुकट बदली मिळते. दुसऱ्या मुदतींत नव्या बॅटरीच्या किंमतींत कांहीं सूट मिळते. खरी तुलना पहिल्या तुकड्याची करावी. शिवाय नुसती उतरलेली बॅटरी बदलून मिळत नाहीं. ती भरून परत देतात. सारांश, उपासमारीवर वॉरंटी हें औषध नाहीं.

बसवितांना ऋण टोंकाची तार प्रथम काढावी व शेवटीं जोडावी. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. म्हणून जवळ विडी-काडी किंवा ठिणगी नसावी. आम्ल अंगावर उडाल्यास तत्काळ पुष्कळ पाण्यानें धुवावें. कांहीं गाड्यांत नवी बॅटरी संगणकास कळवावी लागते. तें काम माहितगाराकडूनच करवावें.

आतां जुन्या बॅटरीविषयीं. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसें असतें, म्हणून भंगारवाला दारावर येऊन रोख पैसे देऊं करतो. तो दोनशें रुपये अधिक देईलहि. पण ती पुढें एखाद्या उघड्या भट्टींत वितळविली गेली, तर शिशाचा धूर आसपासच्या मुलांच्या फुप्फुसांत जातो. शिशाचें निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण माहीत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा होतो. विक्रेत्यानें जुनी बॅटरी परत घ्यावी असा दंडक २००१ सालच्या नियमांनीं घालून दिला होता. २०२२ सालच्या नियमांनीं तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, व ती इतर कचऱ्यांत न मिसळतां वेगळी द्यावी असें वापरणारासहि बजावलें आहे. म्हणून ती दुकानांतच द्यावी, बिलांत तिची वजावट लिहून घ्यावी, व त्या दोनशें रुपयांचा मोह सोडावा.

आम्हीं अखेर पुस्तकांत सांगितलेल्या मापाचीच, सहा आठवड्यांपूर्वीं तयार झालेली बॅटरी घेतली. तिचा दिनांक भिंतीवरील दिनदर्शिकेच्या आंतल्या पानावर काकूंनीं स्वतः लिहविला. दर रविवारीं गाडी निपाणीपर्यंत किंवा कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास नेण्याचा नेम ठेवला आहे. पावसानें नेम चुकला तर सूनबाईंनीं आणलेला लहानसा चार्जर रात्रभर लावतों. महिन्याच्या पहिल्या तारखेस मुलें दाब मोजतात व आकडा त्याच पानावर टिपतात.

वाचकहो, आपल्या घरांतील गाडी आठवड्यांतून किती दिवस उभी असते व निघाली तर किती वेळ चालते, हें कोणत्याहि दुकानदारास ठाऊक नसतें. तें आपणांसच ठाऊक असतें. तें एकदां मनाशीं मोजून मगच दुकानांत जावें. आणि मध्यरात्रीं शेजाऱ्यांचें दार ठोठावण्याचा प्रसंग आपणांवर न येवो. तथापि आलाच, तर आमच्यासारखे शेजारी आपणांस लाभोत, एवढीच इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतों.