निरभ्र रात्रीचा पारा
निफाडला जानेवारीत आभाळ जितकं स्वच्छ, तितकी द्राक्षबागाइतदाराची झोप कमी. ढग असले की जमिनीची ऊब गोधडीत राहावी तशी टिकते; आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की ती सरळ वर निघून जाते, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एखाद्या पहाटे ५ अंशांच्याही खाली उतरतो. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते; पाणी उतरलेले द्राक्षमणी मात्र तडकतात. म्हणून पहाटे ठिबक सुरू होतं, ओळींमधून शेकोट्या पेटतात. विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा कोमट असतं, हात घातला की कळतं. पण रात्री आठच्या सुमाराला बांधावर उभं राहावंच. पूर्वेकडून चढलेलं मृग, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण, वर तांबूस रोहिणी, त्याहून वर कृत्तिकांचा पुंजका. बाणाच्या रेषेत खाली व्याध लखलखतो. त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला. वर्षभरात याहून देखणं आभाळ नाही, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या बागेतले आजोबा मात्र मान वर करून एवढंच विचारतात, “ढग दिसतोय का रं कुठं?”