‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय?



फराळाचं ताट शेजारी असेल तर ते आधी संपवा, कारण यंदाचा विषय थोडा तेलकट आहे.

आपल्यापैकी बरीच मंडळी वर्षातून एकदा तरी इंटरस्टेट १५ ने लास वेगासला जातात. वाटेत बेकर लागतं. तिथला १३४ फूट उंच थर्मामीटर मुलांना दाखवला असेलच. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची ती आठवण आहे. बेकर समुद्रसपाटीपासून सुमारे ९३० फुटांवर, तर पुढे पस्तीसेक मैलांवरचं माउंटन पास सुमारे ४,७०० फुटांवर. उन्हाळ्यातलं ऊन, भरलेली गाडी, सुरू असलेला एसी आणि लांबच लांब चढ. माझ्या वयाच्या वाचकांना बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आठवतील. गाड्या सुधारल्या, पण घाट तोच.

गेल्या जुलैत या चढावरून आपल्या मंडळातल्या एका तरुणाचा फोन आला. गाडीत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. “काका, इंजिन तापून गाडी बंद पडलीय, चालूच होत नाही. सेल्फ मारत राहू का?”

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिलं उत्तर आहे: नाही. आधी माणसं. गाडी रस्त्यापासून शक्य तितकी बाजूला घ्या. वाहनांपासून दूर, सावली मिळेल तिथे सगळ्यांना बसवा, प्यायला पाणी द्या आणि मदतीला फोन करा. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल आणि ऊन कडक असेल, तर ९११ ला फोन करायला संकोच करू नका.

दुसरं: रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. कुकरमध्ये वातावरणाच्या वर साधारण १५ पौंड दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२१ अंश सेल्सियसला उकळतं. अनेक गाड्यांच्या रेडिएटरचं झाकण जवळपास तेवढाच दाब धरून ठेवतं. आत निम्मं पाणी, निम्मं कूलंट असेल तर उकळबिंदू १२५ अंशांच्याही वर जातो. शिट्टी न काढता कुकर उघडणारी गृहिणी तुम्ही पाहिली आहे का? तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. गरम काचेच्या पेल्याचं जे होतं तेच धातूचं होऊ शकतं. निदान तासभर थांबा.

आता मुख्य मुद्दा. ‘चालू होत नाही’ ही एक तक्रार नाही, त्या चार वेगळ्या तक्रारी आहेत. इंजिन निवल्यावर ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर त्यात कूलंट मिसळलं आहे. मग किल्ली फिरवूच नका, टो ट्रक बोलवा. ऑइल स्वच्छ असेल तर फक्त एकदा सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका.

१. नुसती टकटक, किंवा काहीच नाही. हेडलाइट लावून पाहा. ते मंद असतील तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स. दिवे लख्ख आणि तरी इंजिन हलत नसेल, तर एक तर स्टार्टर गेला किंवा इंजिन आतून जॅम झालं. दुसरी शक्यता महागाची.

२. नेहमीसारखं फिरतं, पण पेट घेत नाही. इथे आशा आहे. उष्णतेने एखादा सेन्सर रुसलेला असतो, विशेषतः क्रँकशाफ्टचा, आणि गार झाल्यावर तो पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच तासाभराने गाडी चालू झाली तरी ती बरी झाली असं समजू नका. कूलंट कुठे गेलं हा प्रश्न तसाच आहे.

३. नेहमीपेक्षा भरभर, शिवणयंत्रासारखं हलकं फिरतं. सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. जास्त तापलं की हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट फुटतं. एक दशांश मिलिमीटरचा बाकही पुष्कळ झाला. दुसरं कारण तुटलेला टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, त्यामुळे पंप अडकला की बेल्टही जातो.

४. किंचित फिरतं आणि ‘ठक्’ करून थांबतं. फुटलेल्या गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पुन्हा जोर केलात तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्तीची गाडी थेट भंगारात जाते.

त्या तरुणाने ऐकला तो चौथा आवाज. त्याने किल्ली खिशात टाकली आणि टो ट्रकची वाट पाहिली. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग काढल्यावर एका सिलिंडरमधून कूलंट बाहेर आलं. गॅस्केट बदललं, हेड घासून सपाट केलं. रॉड सरळ होता, म्हणून इंजिन वाचलं.

हायब्रिड गाडीत हे आवाज असे ऐकू येत नाहीत. तिथे सरळ टो ट्रक बोलवा.

गॅरेजमध्ये कुणी “इंजिन गेलं, नवीन टाका” म्हणालं, तर होकार देण्याआधी दोन चाचण्यांचे निकाल मागा. पहिली कॉम्प्रेशन टेस्ट: शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी निघाला, तर संशय त्यांच्या मधल्या गॅस्केटवर जातो. दुसरी ब्लॉक टेस्ट: सिलिंडरमधले जळके वायू कूलंटमध्ये शिरत असतील तर पेट्रोल गाडीच्या चाचणीतलं निळं द्रावण पिवळं पडतं. आणि तिसरा प्रश्न न विसरता विचारा: “मुळात तापली कशामुळे?” पंप, थर्मोस्टॅट, पंखा की फुटलेला होज? हे कारण सापडल्याशिवाय गॅस्केट बदलणं म्हणजे तापाचं मूळ न शोधता नुसती गोळी घेणं. पुढच्या चढावर ताप परत येईल.

इथे वाढलेल्या मुलांनो, लायसन्स हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम करा. सकाळी गाडी चालू करताना गाणी बंद ठेवा आणि तुमच्या गाडीचा निरोगी आवाज कानात साठवा. डॉक्टरला आधी निरोगी छातीचे ठोके ओळखावे लागतात, मग आजारी. आई-बाबांनो, वाळवंटात निघताना फराळाच्या डब्याबरोबर पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवा. एक माणसांसाठी, दुसरा निवलेल्या रेडिएटरसाठी.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. सुखरूप जा, सुखरूप या.