ऑटिझमवर 'स्टेम सेल': जमीन गहाण टाकण्याआधी पुरावा बघा

तीन वर्षांचं पोर बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. डॉक्टर ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता सांगतात. त्याच रात्री आई-बाप मोबाईलवर शोधतात आणि जाहिराती सुरू होतात: स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, मूल बोलायला लागेल. खर्च लाखांत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमवर या उपचाराची शिफारस करता येत नाही. तो सुचवणं, त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं. मंजूर संशोधन सुरू असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथे पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की समजून जावं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर नीट चाचणी केली. काहींना नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, काहींना तसंच दिसणारं पण पेशी नसलेलं सलाईन. कोणाला काय दिलं हे पालकांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी, इतरांत मिसळण्याच्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही.

मग 'आमच्या पोराला फरक पडला' म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. मूल वाढतं तसं थोडंफार शिकतंच, आणि नवस बोलल्यावर आलेला पाऊस नवसाचाच वाटतो. १९९९ मध्ये सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनची ६० मुलांवर चाचणी झाली. औषध आणि नुसतं पाणी सारखंच ठरलं. हे सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना ते इंजेक्शन हवंच होतं! आशा अशी असते, आणि धंदा तिच्यावरच चालतो.

काही उपाय तर जिवावर बेततात. अंगातला पारा-शिसं काढतो म्हणून दिलेल्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम घसरून २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा दगावला.

उपयोग दिसतो तो बोलण्याच्या, वागण्याच्या आणि रोजच्या कामांच्या सरावाचा. तो लवकर सुरू झालेला बरा. मात्र हे काम सावकाश चालतं, आणि जिल्ह्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तर एका इंजेक्शनची जाहिरात गोड लागते.

अंगणवाडी, शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. तिथे तपासणी मोफत असते. २०१६ च्या कायद्यात ऑटिझम हे दिव्यांगत्व मानलं आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. त्यावर 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा घेता येतो, आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.