मीठ सोसणारा जिवाणू



कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की रात्रीतून त्यांना पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात. मीठ पाणी ओढून घेते, हे आपल्या घरातल्या माउलीला कुणी शिकवावे लागत नाही. खारवटलेल्या रानात पिकाच्या मुळाचे तसेच होते. जमिनीत ओल असते, पण मुळाला ती घेता येत नाही. उभे पीक करपते.

मग बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात जीव जगतात कसे? तिथले पाणी खारट, शिवाय सोड्यासारखे अल्कधर्मी. तरी त्यात 'हॅलोमोनास' वंशाचे जिवाणू सापडले आहेत. कॅरिबियन समुद्रातील बोनेअर बेटावरच्या मिठागरात मिळालेल्या जिवाणूवरून १९८० साली शास्त्रज्ञांनी हा वंश ठरवला. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, ते मात्र मिठात वाढणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

हॅलोमोनासची युक्ती साधी आहे. तो अंगात 'एक्टोइन' नावाचा पदार्थ तयार करून साठवतो. त्यामुळे बाहेरचे मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढू शकत नाही. त्याला कमी मिठाच्या पाण्यात सोडले की हा साठा तो बाहेर टाकतो. कारखान्यात गाईची धार काढावी तसे पुनःपुन्हा एक्टोइन काढून घेतात आणि त्वचेच्या मलमांत व डोळ्यांच्या थेंबांत वापरतात.

आता कुणी म्हणेल, असा जिवाणू पुडीतून आणून रानात टाकला की काम झाले! तसे नाही. हा जिवाणू मीठ सोसतो, मीठ खात नाही. रानातले मीठ रानातच राहते.

ते काढायचे तर आधी माती तपासून घ्या. जमीन नुसती खारवट असेल तर चर काढून निचरा करा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढा. सामू साडेआठाच्या वर जाऊन जमीन चोपण झाली असेल, तर तपासणीत सांगतील तेवढे जिप्सम मिसळा, मग पाणी द्या. निचरा दोन्हीकडे हवाच. आणि उसाला पाणी बेतानेच पाजा. पाटाच्या फुकट वाटणाऱ्या पाण्यानेच किती तरी काळी राने पांढरी झाली आहेत.

जिवाणूने आपली सोय केली आहे. आपल्या पिकाची सोय आपल्यालाच करायची आहे.