तिसऱ्याच्या जिवावरचा तह

बलिप्रतिपदेला बळीचे नाव घेताना महाराष्ट्राला जोतीराव फुल्यांची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. वामन आणि बळी यांच्या कथेकडे बळीच्या बाजूने पाहायला लावणारे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीरावांनी ते अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण अभिमानाने करतो, आणि तो करावाच. पण मुक्ती मिळण्याआधी त्याच देशातल्या भल्या, कायदा मानणाऱ्या, युद्ध टाळू पाहणाऱ्या माणसांनी काय काय मान्य केले होते, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. यंदाच्या अंकाच्या आरंभी ती करावीशी वाटते, कारण तडजोड म्हणजे शहाणपण असे आपण फार सहज धरून चालतो.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धात अमेरिकेला अफाट मुलूख मिळाला आणि त्यात गुलामगिरी असावी की नसावी, यावरून १८५० साली देश दुभंगायची वेळ आली. केंटकीचे वृद्ध सिनेटर हेन्री क्ले यांनी जानेवारीत तोडग्याची कलमे मांडली. कॅलिफोर्नियाने मुक्त राज्य म्हणून यावे. न्यू मेक्सिको आणि युटाह यांचा निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांवर सोडावा. टेक्ससने सरहद्दीवरचा हक्क सोडून बदल्यात पैसे घ्यावेत. राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा बाजार बंद व्हावा, मात्र गुलामगिरी चालू राहावी. आणि उत्तरेत पळून गेलेले गुलाम परत मिळवण्यासाठी दक्षिणेला कडक कायदा मिळावा. ही सगळी कलमे एकत्र मांडली तेव्हा ती सिनेटमध्ये पडली. मग सिनेटर स्टीफन डग्लस यांनी एकेक कलम सुटे काढले आणि दर वेळी वेगळे बहुमत जमवून मंजूर करून घेतले. म्हणजे ज्याला आपण १८५०ची तडजोड म्हणतो, ती पूर्ण मान्य असलेले बहुमत त्या सभागृहात नव्हतेच. फरारी गुलामांच्या कायद्यावर मतदान झाले तेव्हा उत्तरेतले कितीतरी सिनेटर गैरहजर राहिले. आपण कशाला वाट करून देतो आहोत, हे त्यांना कळत होते, असाच याचा अर्थ मी लावतो.

१८ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांची सही झालेला हा कायदा कलमवार वाचायला हवा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही. ज्युरी नाही. मालकाने किंवा त्याच्या मुखत्याराने शपथपत्र आणले की निर्णय कमिशनर देणार. माणूस मालकाच्या हवाली केला तर कमिशनरला दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. परत पाठवताना कागदपत्रांचे काम जास्त असते, म्हणून हा फरक, असा खुलासा देण्यात आला. क्षणभर तो खरा मानू. तरीही, ज्याला तोंड उघडायची परवानगी नाही अशा माणसाच्या आयुष्याचा निवाडा करणाऱ्याला एका निकालासाठी दुप्पट मेहनताना द्यायचा, ही गोष्ट त्या खुलाशाने धुऊन निघत नाही. याहून दूरगामी कलम वेगळेच होते. हाक आली की कोणाही नागरिकाने पाठलागात हातभार लावायचा. फरारी माणसाला आसरा दिला किंवा पळायला मदत केली, तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.

यात नवे काय, असे तेव्हाही विचारले गेले. पळालेल्याला परत देण्याचे कलम १७८७च्या संविधानातच होते, १७९३चा कायदाही होता, आणि दिलेला शब्द पाळायलाच हवा. हा आक्षेप कमी लेखण्यासारखा नाही. पण संविधानाने पळालेल्याला परत द्या म्हटले होते, त्याचे तोंड बांधा असे म्हटले नव्हते. ज्याला पकडले तो खरोखर गुलाम आहे की जन्मापासून स्वतंत्र, हाच तर मूळ प्रश्न. आणि त्याचे उत्तर ज्याला सर्वांत चांगले ठाऊक, त्यालाच कायद्याने गप्प केले. कायदा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच न्यूयॉर्कमध्ये जेम्स हॅमलेट याला कामाच्या जागेवरून उचलले. आपली आई स्वतंत्र होती, असे त्याचे म्हणणे होते. ते ऐकून घेण्याची तरतूदच नव्हती. शिवाय एरवी राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारी दक्षिण या एका बाबतीत केंद्राचा हात उत्तरेच्या प्रत्येक गावात घुसवायला तयार झाली.

माझ्या मते या तहाचा घात इथेच झाला. तोवर उत्तरेतला सामान्य माणूस गुलामगिरीला वाईट म्हणत होता आणि आपल्या कामाला लागत होता. दक्षिणेत जे चालते ते दक्षिणेपाशी, हे अंतर हाच शांततेचा खरा आधार होता. कायद्याने ते अंतर मिटवले आणि तटस्थ माणसालाच वेठीला धरले. मे १८५४मध्ये बोस्टनला काय झाले ते पाहा. व्हर्जिनियातून जहाजात लपून आलेला अँथनी बर्न्स तिथे एका कपड्यांच्या दुकानात काम करत होता. भावाला लिहिलेल्या पत्रावरून मालकाला त्याचा ठावठिकाणा लागला आणि चोरीचा खोटा आळ घेऊन त्याला धरले. त्याला सोडवायला जमावाने कोर्टावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मेला. २ जूनला बर्न्सला बंदरावर नेले ते सशस्त्र सैनिकांच्या गराड्यात, तोफेसह. दुतर्फा सुमारे पन्नास हजार माणसे उभी होती. इमारतींवर काळे कापड होते आणि रस्त्यावर आडवी शवपेटी टांगली होती. एका माणसाला परत पाठवण्यासाठी एवढा बंदोबस्त लागतो, तेव्हा तह कागदावरच उरलेला असतो. कालपर्यंत तडजोडीच्या बाजूने बोलणारे व्यापारीसुद्धा त्या आठवड्यात फिरले. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने या कायद्याची अंमलबजावणी अवघड करणारा स्वतःचा कायदा केला.

सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासकारांचा आहे. या तडजोडीने दहा वर्षे मिळवून दिली. त्या काळात उत्तरेत रेल्वे, कारखाने आणि लोकसंख्या वाढली, म्हणून ती पुढे दक्षिणेशी झालेले यादवी युद्ध जिंकू शकली. उत्तरेचे बळ वाढले, हे खरे. पण क्ले आणि त्यांना साथ देणारे सिनेटर वेबस्टर यांनी उसंत मागितली नव्हती. कायमचा निकाल लागावा असे त्यांना हवे होते. नंतर जे घडले ते त्यांच्या हेतूच्या खात्यावर जमा करता येत नाही. आणि दहा वर्षे मिळाली ती कोणाच्या पदरची? १८५०च्या शिरगणतीत गुलाम होते सुमारे ३२ लाख, १८६०मध्ये साडेएकोणचाळीस लाख. या दहा वर्षांत गुलाम म्हणूनच जन्मलेल्या मुलांना कोणी विचारले होते? जानेवारी १८५६मध्ये मार्गारेट गार्नर कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीत आली. पकडणारे दाराशी पोचले तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारले. मिळालेल्या वेळाचा हिशेब मांडताना ही नोंद गाळता येणार नाही.

बरे, एवढे देऊन दक्षिणेचे तरी समाधान झाले का? १८५०च्या शिरगणतीनुसार वर्षभरात पळालेले गुलाम हजाराच्या थोडे वर होते. प्रश्न तेवढ्या माणसांच्या किमतीचा नव्हताच. माणूस हा माल आहे, हे उत्तरेने आपल्या अंगणात, आपल्या हातांनी मान्य करावे, ही खरी मागणी होती, आणि ती कधीच पुरी होण्यासारखी नव्हती. डिसेंबर १८६०मध्ये सर्वांत आधी फुटून निघालेल्या साउथ कॅरोलायनाने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली ठळक तक्रार हीच, की उत्तरेतली राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत. मार्च १८६१मध्ये लिंकन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात ते कलम पाळण्याची ग्वाही दिली, तरी युद्ध टळले नाही.

अँथनी बर्न्सला १८५५ साली पाद्री लेनर्ड ग्राइम्स आणि बोस्टनच्या इतर मंडळींनी १३०० डॉलर जमवून सोडवले. तो ओहायोतल्या ओबर्लिनला शिकला, पाद्री झाला आणि कॅनडात सेंट कॅथरिन्स इथल्या आपल्या लोकांच्या चर्चमध्ये काम करू लागला. १८६२मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी तो तिथेच वारला. ज्या कायद्याने त्याला तोफेच्या पहाऱ्यात परत पाठवले, तो २८ जून १८६४ रोजी रद्द झाला.